पाम्प्लमूसची बाग नीट कशी पाहावी: मॉरिशसला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मॉरिशसच्या बहुतेक पॅकेजमध्ये ‘नॉर्थ टूर’ नावाचा एक दिवस असतो. सकाळी पोर्ट लुई, किल्ल्यावरून शहराचा फोटो, बाजारात थोडी खरेदी आणि जेवणाच्या आधी-नंतर कुठेतरी पाम्प्लमूसची बाग. बागेच्या वाट्याला तास-पाऊण तास येतो. लोक परातीसारख्या पानांच्या तळ्यापाशी फोटो काढतात, कासवं बघतात आणि बसमध्ये परत येऊन म्हणतात, “छान आहे, पण आपल्याकडेही बागा आहेतच की.”

पाऊण तासात पाहिली तर तसंच वाटणार. ही सुमारे 37 हेक्टरची बाग आहे, दक्षिण गोलार्धातल्या वनस्पती उद्यानांत सर्वांत जुनी मानली जाते आणि तिच्या आवारात या देशाच्या दोन पंतप्रधानांच्या समाधी आहेत. माझं सरळ मत असं की तिला अर्धा दिवस द्यावा. तेवढा नसेल तर किमान दोन तास तरी द्यावेत आणि तेही सकाळचे.

आधी नावाचा घोळ मिटवून घ्या

बागेचं अधिकृत नाव सर शिवसागर रामगुलाम वनस्पती उद्यान. 1988 पासूनचं. पण याच नावाचा विमानतळ बेटाच्या दुसऱ्या टोकाला, आग्नेयेला आहे, आणि याच नावाचं मोठं सरकारी रुग्णालय पाम्प्लमूसमध्येच, बागेपासून जवळ आहे. त्यामुळे टॅक्सीवाल्याला नुसतं ‘रामगुलाम’ म्हणू नका, ‘जार्दां पाम्प्लमूस’ म्हणा. फोनवरच्या नकाशातही नाव टाकल्यावर खाली झाडाचं चिन्ह आहे की इस्पितळाचं, एवढं बघूनच निघा.

पोर्ट लुईहून बाग साधारण 11 किलोमीटरवर, ईशान्येला आहे. राजधानीत इमिग्रेशन स्क्वेअर भागातून पाम्प्लमूसकडे जाणाऱ्या बस मिळतात. ग्रां बे किंवा त्रू ओ बिश या उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर उतरला असाल तर तिकडूनही बस आहेत, पण त्या कमी. कंडक्टरला सुटे पैसे द्यावे लागतात. चार जण असाल तर टॅक्सी अंगावर येत नाही, मात्र भाडं आणि थांबायचा वेळ दोन्ही निघण्यापूर्वीच बोलून घ्या. गाडी भाड्याने घेतली तरी हरकत नाही. रस्ते चांगले आहेत आणि वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात.

कधी जायचं

इथले ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि पाऊस, मे ते ऑक्टोबर थंडावा आणि कोरडी हवा. चालायला हिवाळा उत्तम. पण तळ्यातली मोठी पानं आणि फुलं पूर्ण भरात बघायची असतील तर उन्हाळा हवा, त्यातही जानेवारी. जानेवारी ते मार्च हाच चक्रीवादळांचा काळ. बेटावर वादळाचे इशारे 1 ते 4 अशा चढत्या श्रेणीत दिले जातात. हॉटेलात इशाऱ्याची पाटी लागली असेल तर बागेचा बेत पुढे ढकला. या बागेने वादळात मोठमोठी झाडं गमावली आहेत, तेव्हा तिथले कर्मचारी हा विषय थट्टेवारी नेत नाहीत.

वेळ सकाळची, दार उघडताच. बाग रोज साधारण साडेआठ ते साडेपाच उघडी असते. सकाळी गेल्याचे तीन फायदे. ऊन कमी, टूरच्या बस अजून आलेल्या नसतात, आणि तिसरा फायदा कमळासारख्या त्या फुलांचा, तो पुढे सांगतो.

बरोबर पाणी, टोपी, डास पळवणारं मलम आणि चालायचे बूट घ्या. सावली दाट आहे, तळी आहेत, तेव्हा डास असणारच. पाऊस दहा मिनिटं येऊन जातो, म्हणून पिशवीत छत्री असू द्या. वाटा सपाट आणि रुंद आहेत. आजी-आजोबा बरोबर असतील तर बॅटरीवर चालणारी गाडी मिळेल का, हे तिकीट काढतानाच विचारून घ्या.

तिकीट आणि गाइड

परदेशी पाहुण्यांचा दर स्थानिकांपेक्षा जास्त असतो. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, आपल्याकडे अजिंठा-वेरूळलाही तेच चालतं. पैसे मॉरिशसच्या रुपयात आणि शक्यतो रोख ठेवा. सुटे मिळाले की एक नाणं हातात घेऊन बघा. त्यावर ज्यांचा चेहरा आहे ते शिवसागर रामगुलाम. त्यांची गाठ पुढे बागेत पडणार आहे.

गाइडचे पैसे वाचवावेत का? नाही. एरवी मी गाइडच्या बाजूने बोलणारा माणूस नव्हे, पण इथे बोलतो. झाडांवरच्या पाट्या सगळीकडे नाहीत, आहेत त्यांतल्या बऱ्याच नुसत्या लॅटिन नावाच्या. माणूस बरोबर नसेल तर एका हिरव्या पसाऱ्यातून दुसऱ्यात चालत राहाल. दाराशी बागेचे अधिकृत गाइड ओळखपत्र लावून उभे असतात. पैसे माणशी असतात, आधी विचारा. बाहेर गाडीतळावर कोणी स्वतःहून मागे लागला तर नम्रपणे नको म्हणा. बऱ्याच गाइडना हिंदी येतं, काहींच्या घरात भोजपुरी बोलली जाते. सुरुवातीलाच सांगा, “आम्ही भारतातून आलोय, आंबा-फणस-पिंपळ दाखवू नका. आमच्याकडे नाही ते दाखवा.”

ही सूचना महत्त्वाची आहे. युरोपीय पाहुण्यांसाठी ठरलेल्या फेरीत पिंपळ, चिकू, आंबा, लिची, कापूर यांवर बराच वेळ जातो. चिकूच्या चिकापासून पूर्वी च्युइंगम बनायचं, हे ऐकून त्यांना नवल वाटतं. आपल्या पोरांनाही वाटेल, पण एवढ्यासाठी समुद्र ओलांडून आलो नाही.

पहिला टप्पा: फाटक आणि तीन माणसं

तुम्ही कुठल्याही दाराने आत आलात तरी पांढऱ्या, नक्षीदार लोखंडी फाटकापर्यंत चालत जा. ते एकोणिसाव्या शतकातलं आहे, लिएनार नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने बागेला दिलेलं. हे गृहस्थ जन्माने भारतातले. त्यांच्याच नावाचा एक स्तंभ बागेत आहे. बेटावर उपयोगी झाडं आणणाऱ्यांची नावं त्यावर कोरली आहेत. इतिहास इथे उभ्या उभ्या ऐकून घ्या, म्हणजे पुढे झाडं बघताना कामी येईल.

थोडक्यात तो असा. 1735 मध्ये फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बूर्दोने इथे आला. पुढे 1746 मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेणारा तो हाच. त्याने ‘मों प्लेझीर’ नावाची ही जागा घेतली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांसाठी भाजीपाला लावला. खरी वनस्पतींची बाग केली पिएर प्वाव्र याने. तरुणपणी इंग्रजांशी झालेल्या सागरी लढाईत त्याचा उजवा हात गेला होता. जायफळ आणि लवंग तेव्हा डचांच्या मुठीत. मोलुक्का बेटांबाहेर रोप जाऊ नये म्हणून ते कडक पहारा ठेवत. प्वाव्रने मोहिमा पाठवून 1770 च्या सुमारास ती रोपं इथे पळवून आणवली. चोरीच ती, पण नियोजनपूर्वक केलेली. त्याच्यामागून सेरे नावाच्या माणसाने 1775 पासून पुढची पस्तीस वर्षं बाग सांभाळली आणि रोपं वाढवून वसाहतींना वाटली. पुढे झांझिबार लवंगेसाठी नावाजलं, त्या लवंगेची वाट या बेटांवरूनच गेलेली आहे. आपल्या मसाल्याच्या डब्यातली लवंग बऱ्याचदा झांझिबारची असते, हे ध्यानात घ्या म्हणजे या झाडापाशी दोन मिनिटं जास्त थांबावंसं वाटेल.

दुसरा टप्पा: मोठ्या पानांचं तळं

फाटकाजवळ फार रेंगाळू नका, कारण तळ्यावर सकाळीच पोचायला हवं. लांबट, आयताकृती तळ्यात व्हिक्टोरिया अमेझोनिकाची पानं पसरलेली असतात. मूळ दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती इथे 1927 मध्ये आली असं सांगतात. पान दीड-दोन मीटर रुंद होतं, कड वर वळलेली. कडेला खाच असते, तिच्यातून पावसाचं पाणी निघून जातं. पानाची खालची बाजू दिसली तर जरूर बघा. जाड शिरांचं जाळं असतं आणि त्यावर काटे. या शिरांच्या जाळ्यामुळेच पान वजन पेलतं. म्हणून बाळाला पानावर बसवून फोटो काढण्याची कल्पना कोणाच्या तरी डोक्यात येतेच. तसं करू नका. पान फाटतं आणि पाणी खोल आहे की उथळ, ते वरून कळत नाही.

आता फुलाचं. ते संध्याकाळकडे उमलतं. पहिल्या रात्री पांढरं आणि सुगंधी, दुसऱ्या रात्री गुलाबी, आणि मग मिटून पाण्याखाली जातं. ऊन चढलं की फूल मिटू लागतं. टूरच्या बस अकराला येतात तेव्हा बऱ्याच जणांना मिटलेल्या कळ्याच दिसतात. साडेनऊच्या आत तळ्याकाठी असलात तर पांढरं आणि गुलाबी फूल शेजारी शेजारी सापडण्याची शक्यता चांगली. फोटो तळ्याच्या अरुंद टोकाला उभं राहून काढा, पानांची ओळ लांबपर्यंत जाते.

शेजारीच आपल्या कमळांचंही तळं आहे. ते वाटेत बघून होईल.

तिसरा टप्पा: ताड

या बागेचं वैभव ताडांत आहे, सुमारे 85 प्रकार. फुलांचे ताटवे शोधत आलेल्यांचा इथे हिरमोड होतो. ही फुलबाग नाहीच. दोन्ही बाजूंनी सरळसोट रॉयल पामच्या रांगा असलेले रस्ते, त्यांना या बागेच्या जुन्या माणसांची नावं. पुढे बेट फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जेम्स डंकन हा इंग्रज अमदानीतला संचालक होता. इथले बरेचसे ताड त्याने आणलेले.

दोन ताड चुकवू नका. एक तालीपॉट. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत याच्या पानांवर पोथ्या लिहिल्या जात. झाड तीस ते ऐंशी वर्षं नुसतं वाढत राहतं, मग एकदाच शेंड्यावर कित्येक मीटर उंच फुलोरा काढतं, लाखो फुलं येतात, फळं धरतात आणि झाड मरतं. गाइडला विचारा, सध्या फुलोऱ्यात आलेलं एखादं आहे का. असेल तर बाकीचा क्रम मोडून तिकडे जा.

दुसरा बॉटल पाम, बुंध्याशी फुगलेला. हा मूळचा इथलाच. ईशान्येकडच्या राउंड आयलंड या छोट्या बेटावरचा. माणसांनी सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी ते बेट खाऊन टाकलं, तेव्हा तिथे मोजकेच उरले. आज हा ताड जगभरच्या हॉटेलांच्या अंगणात दिसतो. आपल्या नर्सऱ्यांतही कुंडीत मिळतो. घरी कुंडीत असेल तर त्याचं मूळ गाव कोणतं ते कळेल.

मॉरिशसचा काळा आबनूसही विचारून बघा. डचांनी याच लाकडासाठी बेटाची जंगलं तोडली.

चौथा टप्पा: मसाले, नाकाने

जायफळ, लवंग, दालचिनी, कबाबचिनीच्या तोंडवळ्याचं ऑलस्पाइस, कापूर. गाइड खाली पडलेलं पान उचलतो, चुरगळतो आणि नाकाशी धरतो. “ओळखा!” मराठी घरातली बाई इथे गाइडला हमखास हरवते. पण नियम पाळा. झाडावरचं पान तोडायचं नाही, पडलेलं चालतं. आणि बॅगेत काहीही भरू नका. बियाणं किंवा रोप देशाबाहेर नेताना आणि भारतात आणताना दोन्हीकडे अडवतात.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे नारळ-सुपारीच्या बागेत जायफळ पाहिलेलं असेल, तर इथल्या जुन्या झाडाशी त्याची उंची ताडून बघायला मजा येते.

पाचवा टप्पा: मों प्लेझीर आणि समाधी

मों प्लेझीरचा आताचा वाडा ला बूर्दोनेच्या वेळचा नाही, इंग्रजांच्या काळातला आहे. रुंद व्हरांडा, पुढे हिरवळ. आसपास पाहुण्यांनी लावलेली झाडं आहेत. इंदिरा गांधींचं आहे, नेल्सन मंडेलांचं आहे, ब्रिटिश राजघराण्यातल्यांची आहेत. मार्च 2025 मध्ये नरेंद्र मोदींनीही इथे रोप लावलं. इथे मात्र पाट्या वाचत फिरायला हरकत नाही.

जवळच समाधी. टूरवाले इथे “हे त्यांचे पहिले पंतप्रधान” एवढं म्हणून पुढे सरकतात. तुम्ही सरकू नका, कारण हा माणूस कळला तर सगळं बेट कळायला सोपं जातं.

शिवसागर रामगुलाम यांचा जन्म 1900 सालचा, बेल रीव्ह गावचा. वडील बिहारमधून ऊसमळ्यावर मजुरीला आलेले. मुलगा लंडनला जाऊन डॉक्टर झाला, 1935 मध्ये परत आला, मजुरांच्या मतदानाच्या हक्कासाठी राजकारणात उतरला. 12 मार्च 1968 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा पंतप्रधान झाला. 12 मार्च हा दिवस दांडी यात्रेच्या सुरुवातीचा. लोक त्यांना ‘चाचा’ म्हणत. 1982 च्या निवडणुकीत मात्र असा दणका बसला की मुख्य बेटावरची एकही जागा त्यांच्या पक्षाला मिळाली नाही, स्वतः चाचाही पडले. हरवणाऱ्या आघाडीतून पंतप्रधान झाले अनिरुद्ध जगन्नाथ.

आणि इथून गोष्ट आपल्या राजकारणाची सवय असलेल्याला चक्रावून टाकते. पुढच्याच वर्षी जगन्नाथांच्याच कारकिर्दीत रामगुलाम गव्हर्नर जनरल झाले. त्या पदावर असतानाच 15 डिसेंबर 1985 ला वारले. त्यांचा अंत्यसंस्कार या बागेत झाला, अस्थी गंगेत सोडल्या. बागेला त्यांचं नाव दिलं गेलं तेव्हाही पंतप्रधान जगन्नाथच. जून 2021 मध्ये जगन्नाथ गेले, तेव्हा त्यांनाही याच बागेत अग्नी दिला. आता दोघांच्या समाधी एका आवारात आहेत. दोन्ही घराण्यांची पुढची पिढी अजून एकमेकांविरुद्ध निवडणुका लढवते, हे गाइड स्वतःहून सांगणार नाही. विचारलंत तर त्याचा पक्ष कोणता ते लगेच ओळखू येईल.

वागण्याचं म्हणाल तर साधं आहे. ओट्यावर चढू नका. लोक फुलं वाहत असतील तर बाजूला थांबा. वाहायला फूल हवं असेल तर बाहेरून आणा, बागेतलं तोडू नका. 15 डिसेंबरला आणि 18 सप्टेंबरला, म्हणजे रामगुलाम यांच्या पुण्यतिथीला आणि जयंतीला, इथे सरकारी कार्यक्रम असतो. मंत्री येतात, बंदोबस्त असतो. गर्दी नको असेल तर ते दोन दिवस टाळा.

मुलं बरोबर असतील तर

सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटाची महाकाय कासवं आणि हरणं शेवटी ठेवा. आधी दाखवलीत तर पुढे कोणी चालणार नाही. कासवांना खाऊ घालायचं नाही, कितीही मान लांब केली तरी. जुन्या पद्धतीच्या उसाच्या चरकाची प्रतिकृतीही बागेत आहे. गुऱ्हाळ पाहिलेल्या मुलांना ती लगेच कळते.

बागेतून बाहेर पडल्यावर

दोन जोड्या सुचवतो, एका दिवसात दोन्ही करू नका.

जवळची जोड म्हणजे बो प्लां इथलं साखरेचं संग्रहालय. 1999 मध्ये बंद पडलेला कारखानाच आता संग्रहालय आहे. यंत्रं जागच्या जागी आहेत, ऊस, गुलामगिरी आणि मजुरांचा इतिहास नीट मांडलाय, शेवटी शुद्ध न केलेल्या वेगवेगळ्या साखरा चाखायला देतात. एकेकाळी मुंबई बंदरात उतरणारी आणि आपल्या आज्या ‘मोरस’ म्हणायच्या ती साखर याच बेटाची. तिकीट बागेपेक्षा महाग आहे, पण माहिती वाचायची आवड असेल तर वसूल.

दुसरी जोड पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, बसच्या त्याच इमिग्रेशन स्क्वेअरपाशी. 1834 ते 1920 या काळात सुमारे पाच लाख करारबद्ध मजूर भारतातून इथे उतरले, त्यांच्या नोंदणीचं हे ठिकाण. 2006 पासून जागतिक वारसा. त्यांत बहुसंख्य बिहार-उत्तर प्रदेशातले, पण मुंबई बंदरातून कोकणी माणूसही आला. त्यांच्या वंशजांची मराठी मंडळं, देवळं बेटावर आहेत आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. घराण्यातलं कोणी ‘मॉरिशसला गेलं ते आलंच नाही’ अशी आठवण तुमच्याकडे असेल, तर मजुरांच्या नोंदवह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. नाव, गाव आणि साधारण साल हाताशी ठेवून आधी पत्रव्यवहार करा. घाट रविवारी सहसा बंद असतो, तेव्हा दिवस बघून ठरवा.

खाण्याचं सोपं आहे. बागेच्या आसपास आणि पोर्ट लुईत गाड्यांवर ‘दोल पुरी’ मिळते. वाटाण्याच्या डाळीचं सारण असलेल्या मऊ पोळ्या, जोडीने, आत भाजी आणि मिरचीची चटणी. शाकाहारी असाल तर “मांस-मासा नको” हे आधीच सांगा. ‘गातो पिमां’ म्हणजे डाळीचे तिखट वडे. तिखट खाणाऱ्यालाही ते चालतील, चटणी मात्र जपून घ्या. वर दुधातला थंडगार ‘आलुदा’.

संध्याकाळी परतीच्या बस लवकर कमी होतात. किनाऱ्याकडे जाणारी शेवटची बस कितीची, हे उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा, नाहीतर टॅक्सीवाला म्हणेल ते भाडं द्यावं लागेल.